पिंगळा आणि रानपिंगळा

माझे माहेर रावेरचे. रावेर म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाला केळी आठवतात आणि त्यात चूक काहीच नाही. भुसावळहून खांडव्याकडे गाडी निघाली की सावदे, निंभोरे, रावेर असे करीत खिडकीबाहेर केळीशिवाय दुसरे काही दिसत नाही. पण गावाच्या उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आहे, आणि लहानपणी आमच्या धाब्यावर निजल्यावर पायथ्याशी तीच असे. उन्हाळ्यात रात्री डोंगरात वणवे लागत. दुरून ते इतके सुरेख दिसत की त्यात काही जळते आहे हे आम्हां पोरांच्या ध्यानातही येत नसे.

आमच्या परसात एक जुने निंबाचे झाड होते. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांचे जोडपे राहत असे. पिंगळा म्हणजे वीतभर उंचीचे, पांढऱ्या ठिपक्यांचे घुबड. दिवेलागणीला ती दोघे ढोलीच्या तोंडाशी येऊन बसत आणि एकदा का त्यांचे ‘चिर्र चिर्र, चिवक चिवक’ सुरू झाले की शेजारच्या घरातले भांडण त्यापुढे मंजूळ वाटावे! आजीला आम्ही मोठी माय म्हणत असू. तिला या आवाजाचे शास्त्र पाठ होते. पिंगळा अमुक दिशेला बोलला तर पाहुणा, तमुक दिशेला बोलला तर चोरी, आणि आजारी माणसाच्या उशाशी बोलला तर मग काही बोलायलाच नको.

हे शास्त्र काही एकट्या मोठ्या मायचे नव्हते. पहाटेच्या अंधारात हातात कंदील घेऊन, कुडमुडे वाजवीत दारी येणारा पिंगळा जोशी ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पिंगळ्या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असे तो सांगे, त्या भाषेतून घरादाराचे भविष्य वर्तवी आणि सुपातले दाणे घेऊन उजाडायच्या आत पुढल्या गल्लीत जाई. एकनाथ महाराजांनीही पिंगळ्यावर भारूड रचले आहे, म्हणजे ही परंपरा किती जुनी ते पाहा. पक्षी बोलतो आणि माणूस त्याचा अर्थ लावतो. पक्ष्याला काय म्हणायचे असते, हे मात्र त्या सबंध परंपरेत कुणी विचारले नाही.

1961 सालच्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाला विषमज्वर झाला. तो पाच वर्षांचा, मी नऊची. ताप उतरेना. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध भुसावळहून आणवावे लागले. तिसऱ्या की चौथ्या रात्री ताप फार चढला, तो बरळू लागला आणि नेमका त्याच वेळी परसात पिंगळा ओरडला. मोठी माय अंथरुणातून ताडकन उठली. “त्या पिंगयाला हाकला रे कोनी! पोराच्या नावानं बोलून राह्यला तो!” तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी तिने हट्टच धरला, झाड तोडा. माझे वडील हायस्कुलात शास्त्र शिकवीत. पिंगळ्याच्या बोलण्याने माणूस मरत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण घरात मूल अंथरुणाला खिळलेले, आई अन्न सोडून बसलेली. दुपारी दोन माणसे कुऱ्हाडी घेऊन आली आणि दिवस मावळायच्या आत निंब आडवा झाला.

ढोलीत तीन पांढरी अंडी होती. दोन फुटली होती. तिसरे मी कापसात गुंडाळून काड्यापेटीत जपून ठेवले. त्याचे पुढे काय व्हायचे ते झाले. आईने ते केव्हातरी गुपचूप नाहीसे केले. पुढे दोन संध्याकाळी पिंगळ्यांची जोडी समोरच्या कौलांवर बसून ओरडत राहिली. तिसऱ्या दिवशी भावाचा ताप उतरू लागला. गुण औषधाचा होता, पण आमच्या घरात निकाल लागला तो कुऱ्हाडीच्या बाजूने. वडिलांनी त्या झाडाचे नाव पुन्हा कधी काढले नाही.

हे सगळे मी विसरून गेले होते. लग्न होऊन पुण्यास आले, संसार झाला, मुले मोठी झाली. आणि एके दिवशी वर्तमानपत्रात वाचले की शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसा झालेला एक पक्षी आमच्या खानदेशात, शहाद्याजवळ, जिवंत सापडला आहे. पक्ष्याचे नाव रानपिंगळा! काड्यापेटीतल्या त्या अंड्याची आठवण इतक्या वर्षांनी अशी दार ठोठावीत आली. मग मी या पक्ष्याविषयी मिळेल ते वाचू लागले, आणि जे हाती लागले ती एखाद्या रहस्यकथेच्या तोंडात मारील अशी हकिकत निघाली.

या पक्ष्याची पहिली शास्त्रीय नोंद केली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, 1873 साली. होय, पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा हात होता तेच ह्यूमसाहेब. राजकारणात पडण्याआधी त्यांना पक्ष्यांचे जबरदस्त वेड होते. ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याने आज छत्तीसगडात असलेल्या बसना-फुलझर भागातून 1872 मध्ये एक घुबड मिळवले होते. ह्यूमने ते पाहिले आणि हे काही नेहमीचे पिंगळे नव्हे असे ओळखून त्याला निराळे नाव दिले. त्या नावात ब्लुइट आजही आहे. पुढे ओडिशाकडून एक नमुना मिळाला. आणि मग 1880 नंतरच्या चार-पाच वर्षांत जेम्स डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने हा पक्षी गोळा केला तो आमच्या खानदेशात, तळोदे-शहादे भागात. तेव्हा खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे तुकडे व्हायला 1906 साल उजाडावे लागले.

1884 नंतर मात्र पक्षी गप्प झाला. जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून त्याचे नमुने सात. फोटो नाही, घरट्याची नोंद नाही, आणि आवाज कसा आहे तेही कुणाला ठाऊक नाही! घुबडाची जात ओळखायची ती मुख्यतः आवाजावरून. ज्याचा आवाजच माहीत नाही त्याला रानात शोधायचे तरी कसे?

एकच धागा होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे इंग्रज फौजेतले बडे प्रस्थ, पक्षिशास्त्रात नावाजलेले. त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि तो आपण 1914 च्या ऑक्टोबरात गुजरातेतल्या मांडवी येथे मिळवला, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहिले होते. म्हणजे 1884 नंतर तीस वर्षांनी पक्षी जिवंत होता, आणि तोही मांडवीला. आपले डॉ. सालिम अली यांचा या कर्नलसाहेबांशी चांगला परिचय. 1937 मध्ये दोघे अफगाणिस्तानात पक्षी पाहायला बरोबर गेले होते. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांनी 1970 नंतरच्या दशकात रानपिंगळ्याचा शोध घेतला, आणि त्या शोधात मांडवीची ती चिठ्ठी खरी धरून चालले होते. हाती काही आले नाही.

येणार कसे? ती चिठ्ठी खोटी होती!

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रॅसमुसेन या विदुषीला कर्नलसाहेबांच्या संग्रहाचा संशय आला. पक्ष्याचे भरलेले कातडे म्हणजे एक प्रकारचे शिवणकामच. प्रत्येकाचा हात वेगळा, टाका वेगळा. कर्नलच्या रानपिंगळ्याची क्ष-किरणांनी तपासणी झाली, आतला कापूस पाहिला गेला, अमेरिकेच्या एफबीआयच्या प्रयोगशाळेचीही मदत घेतली गेली. निष्पन्न असे झाले की तो मांडवीचा पक्षी मुळी मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला, लंडनच्या संग्रहालयात ठेवलेला नमुना कर्नलसाहेबांनी लांबवला, आतला भराव बदलला आणि वर आपल्या नावाची चिठ्ठी बांधली. आमच्या खानदेशाचा पक्षी चोरीला गेला आणि गुजरातचा होऊन बसला! रॅसमुसेन आणि कॉलर यांनी 1999 मध्ये ही लबाडी सप्रमाण छापली. कर्नल 1967 मध्येच वारले होते, त्यामुळे साहेबांना जाब विचारायची सोय राहिली नाही. मला राग येतो तो चोरीपेक्षा या गोष्टीचा, की सालिम अलींसारख्या माणसाला त्याच्या स्नेह्याच्या खोटेपणावर विसंबून रान तुडवावे लागले. सालिम अली 1987 मध्ये गेले. रानपिंगळा सापडला तो त्यानंतर दहा वर्षांनी.

तो शोध असा लागला. मांडवीचे नाव यादीतून काढून टाकल्यावर जी खरी ठिकाणे उरली, तिथेच रॅसमुसेन 1997 च्या नोव्हेंबरात गेल्या. बरोबर बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे दोघे. पूर्वेकडची जुनी ठिकाणे पालथी घातली, काही नाही. सपाटीवरचे रान केव्हाच शेतीखाली गेलेले. शेवटी तिघे शहाद्यास आले आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्यांत शिरले. 25 नोव्हेंबरची सकाळ. चांगले ऊन पडले होते. आणि त्या उन्हात, एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, घुबड बसलेले किंग यांना दिसले. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरे, पायांवर दाट पांढरी पिसे, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा माणसाच्या दृष्टीस पडला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो पुढल्या वर्षी.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण मला तीच सगळ्यांत नवलाची वाटते. घुबड म्हणजे रात्रीचे पाखरू, असे आपण धरून चालतो. रानपिंगळा बराचसा दिवसाचा निघाला! सकाळच्या उन्हात तो उघड्या फांदीवर बसतो, शेपटी या बाजूला त्या बाजूला झटकतो, जमिनीवरचे सरडे-पाली आणि उंदीर हेरतो. बोलतो तोही दिवसाउजेडी. शोध लागल्यावर रॅसमुसेन आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक यांनी त्याचे आवाज टिपून अभ्यासले. साध्या पिंगळ्यासारखी किरकिर त्यात नाही. ‘उ-वाव, उ-वाव’ अशी दोन सुरांची, गोलसर, गोड साद. शतकभर जे कुणाला माहीत नव्हते ते एवढेच होते. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पुढे तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातले खकनार अशी रानेच्या राने पालथी घातली, तिथेही रानपिंगळे निघाले. गिरीश जठार यांनी त्यांच्या खाण्यापिण्याचा, घरट्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. 2014 मध्ये तर मुंबईच्या उशाशी, तानसाच्या रानातही तो दिसला.

खकनार म्हणजे रावेरहून फार लांब नव्हे. आणि आमच्या यावल अभयारण्यातही त्याच्या नोंदी आहेत. 1969 साली झालेले हे अभयारण्य रावेर आणि यावल तालुक्यांच्या डोक्यावर पसरलेले आहे. म्हणजे लहानपणी मी धाब्यावरून ज्या डोंगरांकडे पाय करून झोपत होते, तिथेच!

गेल्या जानेवारीत मी रावेरला गेले आणि भावाला म्हटले, “चल, पालला जाऊ.” तो आता एकोणसत्तर वर्षांचा आहे. केळी करतो. शेतातल्या इंजिनाजवळ आयुष्य गेल्याने कानांनी अधू झाला आहे. “अक्का, या वयात घुबड पाहायला?” असे म्हणाला, पण गाडी त्यानेच काढली. पाल हे सातपुड्यातले थंड हवेचे ठिकाण, आमच्याच तालुक्यातले. सुकी नदीवरचे गारबर्डीचे धरण ओलांडले की केळी संपते आणि साग, सलई, अंजन सुरू होतात. अंजनाची झाडे त्या रानात काय देखणी आहेत म्हणून सांगू! वस्ती पावरा, तडवी, बंजारा लोकांची.

संध्याकाळी रस्त्यावर रातवा भेटला. गाडीच्या दिव्यात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकले आणि मग तो अगदी चाकासमोरून उडाला. रात्रभर त्याची ठकठक चालू होती. पिंगळेही होते. कळण्याची पुरी आणि भरीत खाऊन आम्ही पांघरुणात शिरलो तरी त्यांची गडबड चालूच. भावाला यातले काही ऐकू येत नव्हते. मी त्याला सांगत होते, आता हा बोलला, आता तो बोलला.

सकाळी एका पावरा गृहस्थाबरोबर निघालो. तो जंगलखात्याच्या कामावर जाणारा, चाळिशीचा. मी त्याला माझे ज्ञान ऐकवले, 1873 आणि 1884 आणि कर्नलसाहेब. त्याने सगळे सभ्यपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “आम्ही तर पाह्यतो ना त्याला.” मी गप्प बसले. एकशे तेरा वर्षे हरवला होता म्हणजे कुणाला हरवला होता, हा प्रश्न मला पुण्यात बसून सुचला नव्हता.

पण पाहणे आणि जपणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही खरे. सोसायटीच्या अभ्यासकांना सातपुड्यात फिरताना दिसले की घुबडांचा आणि त्यांच्या अंड्यांचा टोणाटोटक्यात, ढोलाच्या विधीत वापर होतो. रानाला आगी लागतात, जुनी ढोलीची झाडे पडतात, शेते वर वर चढत जातात. आणि आपण शहरातले लोक म्हणून कुणी नाक मुरडू नये. घुबड लक्ष्मीचे वाहन, म्हणून ऐन दिवाळीच्या सुमारास त्याचा बळी दिला की लक्ष्मी घरात राहते असे समजणारे गिऱ्हाईक शहरातच भेटते. 2010 मध्ये देशातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर अहवाल निघाला, त्यातही दिवाळीचे नाव आहे. कायदा 1972 पासून आहे. पकडणे, विकणे, पाळणे, सगळेच गुन्हे. ज्या देवीचे वाहन मारायचे, तिनेच वर घरी यावे, हा हिशेब मला तरी कधी उमगला नाही.

तर त्या सकाळची गोष्ट. साडेआठ वाजले होते. ऊन कोवळे. एकाएकी ओढ्यापलीकडून आवाज आला, ‘उ-वाव’. थोडे थांबून पुन्हा. मी जागीच उभी राहिले. एवढा साधा, एवढा हळू आवाज! मोठ्या मायने हा ऐकला असता तर होला घुमतो म्हणून सोडून दिला असता. मी भावाचा हात धरून दिशा दाखवली. त्याला ऐकू आले नाही, पण डोळे त्याचे अजून शेतकऱ्याचे आहेत. तेवढ्यात लहान पाखरांनी कलकलाट मांडला, घुबडाभोवती मांडतात तसा, आणि भाऊ म्हणाला, “तो पाह्य, सागाच्या वाळल्या फांदीवर.” मी दुर्बीण डोळ्यांना लावीपर्यंत एक पट्टेदार शेपटी झाडाआड जाताना तेवढी दिसली. सोबतच्या गृहस्थाला मान हलवताना पाहिले म्हणून सांगते, नाहीतर माझी मीच खात्री धरली नसती.

“तू ऐकला अन् मी पाह्यला,” भाऊ म्हणाला. “अर्धा अर्धा पक्षी झाला, अक्का.”

परतताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग मध्येच म्हणाला, “तो निंब माझ्यापायी गेला ना?” मला वाटले होते त्याला काही आठवत नसेल. मी म्हटले, “तू पाच वर्षांचा होतास. तुझ्यापायी कसा जाईल?” तो म्हणाला, “अंडी होती त्यात. मोठी माय सांगायची.” मोठी माय हे त्याला सांगत होती, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

2018 मध्ये रानपिंगळ्याला अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीतून एक पायरी खाली उतरवून ‘संकटग्रस्त’ ठरवले आहे. ठिकाणे वाढली म्हणून. जाणत्यांच्या अंदाजाने जगात तरणेताठे रानपिंगळे हजाराच्या आतच आहेत, आणि ते सगळे आपल्या मध्य भारतात. दुसरीकडे कुठे नाहीत.

भावाच्या शेताच्या बांधावर एक चिंच आहे. आजोबांच्या वेळची, पोटात पोकळ. तिची सावली केळीच्या दोन ओळींवर पडते आणि तेवढे घड बारीक येतात, अशी त्याची तक्रार फार दिवसांची. एक लाकडाचा व्यापारी चांगली किंमत सांगून गेला आहे. दिवाळी झाली की माणसे घेऊन येतो, असा त्याचा निरोप आहे. मी भावाला काही म्हटले नाही. शेत त्याचे, कर्ज त्याचे, घडही त्याचेच बारीक येतात. पुण्यात बसून झाडे वाचवायला काय लागते?

परवा फोनवर मी सहज विचारले, चिंचेचे काय ठरले. भाऊ म्हणाला, “ठरलं नाही अजून.” मग जरा थांबून म्हणाला, “यंदा उन्हाळ्यात ढोलीत दोन पिल्लं होती. संध्याकाळी तोंड बाहेर काढून बसायची. आवाज कसा करतात गं ती?”

मी फोनवरच त्याला मोठ्याने पिंगळ्याची नक्कल करून दाखवली. शेजारच्या बाई गॅलरीत येऊन पाहू लागल्या, तरी त्याला काही नीट ऐकू आले नाही. “पुन्हा कर,” तो म्हणाला.